नळीची वाट आणि लोखंडी साखळी

ठाणे, पुणे आणि नगर (आताचा अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जेथे एकमेकींच्या निकट येतात तेथे सह्याद्रीची मुख्य धार एकाएकी तुटून कोकणात उतरते, आणि त्या तुटीवर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. उभा म्हणण्यापेक्षा आत वळलेला म्हणावा. कारण काठावर पालथे पडून खाली पाहणाऱ्याला कड्याचे पोट दिसत नाही, दृष्टी थेट खालच्या रानावर जाऊन पडते. या कड्याच्या कुशीला लागून पावसाच्या पाण्याने अगणित वर्षे खपून एक अरुंद, उभी, दोन्ही अंगांनी कातळाने कोंडलेली घळ कोरून काढली आहे. मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याचे लोक तिला नळी म्हणतात, आणि तिच्यातून गडमाथ्यावर चढणारी वाट ती नळीची वाट. गडाची उंची 1424 मीटर आणि बेलपाडा कोकणपट्टीत, तेव्हा चढ हजार मीटरहून अधिकच. पहाटे निघालेला धडधाकट माणूस माथ्यावर पोचतो तो दिवस कलल्यावर. मळलेली पायवाट या चढात थोडीच. बहुतेक वेळ पाणी जिकडून खाली आले तिकडे, त्याच्याच मार्गाने, आपण वर जात असतो.

या वाटेवरच्या अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी साखळ्या, शिड्या आणि कठडे बसवावेत की नाही, याविषयी माझे आणि माझ्या मामांचे मत जुळत नाही. मामांची सारी उमेद महसूल खात्यात गेली. अव्वल कारकुनीपासून चढत ते नायब तहसीलदार म्हणून सेवानिवृत्त झाले, आणि दप्तर, दाखला, पंचनामा, वहिवाट हे शब्द त्यांच्या तोंडी आजही सहज येतात. मी भूशास्त्र शिकवतो, आणि विद्यार्थिदशेपासून घाटवाटांनी हिंडत आलो आहे. घरच्या बैठकीत हा वाद अनेकदा झाला आणि प्रत्येक वेळी अर्धवट राहिला. तो ज्या जागेविषयी आहे त्या जागेवरच एकदा करावा, असे ठरवून आम्ही पौषातील एका पहाटे बेलपाड्याहून निघालो. मामांचे वय सत्तरीकडे झुकलेले. पण पायांत बळ होते आणि चालण्याची सवय मोडलेली नव्हती. पुढे वाडीतला वाटाड्या, खांद्यावर दोराचे वेटोळे आणि हातात बांबूची काठी; मध्ये मामा; मागे मी.

प्रारंभी ओढ्याचे पात्र अनेकदा ओलांडावे लागते. पौषात तेथे पाणी नसते, डबकी असतात, आणि दोन डबक्यांच्या मध्ये गोल, गुळगुळीत, हत्तीच्या रंगाचे धोंडे पसरलेले असतात. झुंजुमुंजू झाले होते. मामा एका धोंड्यावर टेकले आणि त्यांनी आपली बाजू पायापासून मांडायला सुरुवात केली.

“रस्ता म्हणजे काय, हे आधी नक्की करू,” ते म्हणाले. “ज्या जागेवरून लोकांची रहदारी पिढ्यानपिढ्या चालत आली, ती जागा रस्ता; मग ती डांबरी असो, खडीची असो की अशी धोंड्यांची असो. वहिवाट सिद्ध झाली की तिच्या देखभालीचे दायित्व कोणावर तरी पडतेच, आणि आपल्या मुलखात घाट कधी बेवारस नव्हता. इथून फार दूर नाही, तो नाणेघाट घे. सातवाहनांच्या काळी डोंगर फोडून ती वाट बांधली, माथ्याशी लेणे खोदले, त्यात नागनिका राणीने केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा लेख कोरला. आणि खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून जो दगडी रांजण आजही दाखवतात त्याविषयीची समजूत खरी धरली, तर वाटसरूकडून घ्यायचे आणि त्याची वाट राखायची हा व्यवहार दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्याला ठाऊक होता. आज सरकारच्या हाती सुरुंग आहे, पोलाद आहे, अभियंते आहेत. असे असता नळीत माणूस पाय घसरून मेला की आपण म्हणणार, त्याचे नशीब! हे मला मान्य नाही.”

“मामा, नाणेघाटाचे कारण वेगळे होते,” मी म्हणालो. “कल्याणच्या बंदरातला माल जुन्नरच्या बाजारात न्यायचा होता, लादलेले बैल, ओझेकरी, यात्रेकरू यांची ती गरज होती. गरज होती म्हणून बांधणी झाली, आणि गरज सरली तशी ती सुटलीही. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि त्यानंतर सह्याद्रीतल्या कितीतरी वाटांवरचा माल उतरला तो कायमचाच. आज नळीत येतो तो मीठ किंवा तांदूळ घेऊन येत नाही. तो अवघडपणा शोधत येतो. तोच काढून टाकून त्याच्या हाती आपण काय देणार?”

“वाटसरू बदलला म्हणून वाटेवरचा त्याचा हक्क बदलत नाही,” मामा उठत म्हणाले. “ओझेकरी पोटासाठी येत होता, हा मनासाठी येतो. दोघांचीही हाडे सारखीच मोडतात.”

याला उत्तर मला तेव्हा देता आले नाही. रानात शिरल्यावर बोलणे थांबलेच, कारण कारवीच्या वाळलेल्या काड्यांतून मान खाली घालून चालताना दोन माणसांना एकमेकांचे ऐकू येत नाही. सात वर्षांनी एकदाच फुलणारी ती कारवी त्या साली फुललेली नव्हती. पण तिच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवलेली होती, आणि जेथे जेथे लोकांनी आडव्या-तिडव्या नव्या वाटा पाडून ती तुडवली होती तेथे तेथे माती धुपून खालचा मुरूम उघडा पडला होता. मामांना मी ते दाखवले. त्यांनी नुसती मान हलवली.

नळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन कड्याच्या माथ्यावर होते, आमच्यापर्यंत आलेले नव्हते. येथून खरी चढण सुरू होते. पायथ्याच्या पात्रातले धोंडे गोल होते, येथले कोनेदार आहेत, आणि जसजसे वर जावे तसतशा त्यांच्या कडा अधिक तीक्ष्ण होत जातात. कारण वरचा दगड कड्यावरून नुकताच सुटून पडलेला असतो, आणि खालच्याने कैक पावसाळ्यांत पाण्याबरोबर गडगडत, इतर दगडांवर घासत आपले कोपरे गमावलेले असतात. या एकाच निरीक्षणात नळीचा सारा व्यवहार येतो. ही घळ पूर्ण होऊन राहिलेली वस्तू नाही. ती आजही खोदली जात आहे.

दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर पडून पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर एकावर एक बसले आणि त्यांतून दख्खनचे पठार झाले. सगळे थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट, काळे, उभ्या चिरांनी तासलेले. काही मऊ आणि सच्छिद्र, ज्यांच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा, दोन उद्रेकांच्या मधल्या विसाव्याची खूण. मऊ थर आधी झिजतो, त्याच्या वरचा घट्ट थर अधांतरी राहतो आणि उभ्या चिरेवर तुटून खाली येतो. घळीत जे कातळटप्पे आडवे येतात ते याच घट्ट थरांच्या पायऱ्या, आणि ज्या उतारांवर पाय ठरत नाही तो घसारा म्हणजे मऊ थरांचा चुरा. मी हे सांगत असताना मामा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचा स्वभावच असा, की प्रतिपक्षाचा पुरावा ते कधी अर्धवट ऐकत नाहीत.

“म्हणजे तुझे म्हणणे,” ते म्हणाले, “की हा डोंगर अजून पडतो आहे.”

“दर पावसाळ्यात पडतो. आणि पावसाळ्यातच कशाला? वर वानरांचा कळप गेला तरी दगड येतात.”

वाटाड्याने तेवढ्यात काठी आडवी धरून आम्हाला थांबवले. पुढे एक मेजाएवढा धोंडा दोन धोंड्यांवर टेकलेला होता. दिसायला इतका भक्कम, की मी निःशंकपणे त्याच्यावर पाय दिला असता. त्याने काठीचे बूड त्याच्या कडेवर हलकेच आपटले, कान देऊन ऐकले, मग दुसऱ्या बाजूला आपटले. पहिला आवाज भरीव होता, दुसरा पोकळ. “हा मागल्या साली इथं नव्हता,” एवढेच बोलून तो डावीकडून वळसा घालून गेला. आम्ही त्याच्या पावलांवर पावले टाकली. त्या दिवसभरात त्याने असे कितीतरी दगड ठोकून पाहिले, आणि ज्याला नुसते डोळ्यांनी पाहून सोडले असाही प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा होता.

पहिल्या मोठ्या कातळटप्प्याच्या अलीकडे, कड्याच्या सावलीत आम्ही न्याहारीला बसलो. तेथे मामांनी जे सांगितले ते मी यापूर्वी ऐकलेले नव्हते.

“मी एका डोंगरी तालुक्याच्या कचेरीत होतो,” ते म्हणाले. “तालुक्याचे नाव राहू दे. श्रावणातली गोष्ट. शहरातली कॉलेजची मुले अशाच एका घळीत उतरली, वर पाऊस झाला, लोंढा आला, आणि त्यांच्यातला एक गेला. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मला जाणे भाग होते. मी पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली, आणि प्रेत अजून वरच होते. आणणार कोण? खालच्या वाडीतली माणसे निघाली. त्यांनी बांबू तोडले, घरातली घोंगडी आणली, झोळी केली, आणि पावसात, कंदिलाच्या उजेडात, ते पोर रात्रभर खांद्यावर घेऊन पहाटे खाली आणले. मी पंचनामा लिहिला. पंच म्हणून त्यांच्यापैकीच दोघांचे अंगठे घेतले. ती आवणीची वेळ होती, बाळ; त्यांची रोपे उपटून बांधावर पडलेली होती, आणि दोन दिवस ती माणसे या कामात अडकली. मी परत आल्यावर त्यांना काही मोबदला देता येईल का म्हणून सगळी परिपत्रके पालथी घातली. मृताच्या वारसांसाठी मदतीची तजवीज होती. ज्यांनी त्याला खांद्यावर आणला त्यांच्यासाठी एकही लेखाशीर्ष नव्हते. त्या दिवसापासून मी म्हणत आलो आहे, की जेथे माणसे जाणारच आहेत तेथे सरकारने हाताला धरायला काहीतरी दिले पाहिजे. तुला साखळीत डोंगराचा अपमान दिसतो. मला ती झोळी दिसते.”

मी बराच वेळ काही बोललो नाही. वाटाड्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबून मामांकडे पाहत होता.

मामांच्या या म्हणण्यातला एकही शब्द मला खोडून काढावासा वाटत नाही, हे येथे नमूद करतो. माझा विरोध साखळीला आहे तो डोंगराच्या सौंदर्यासाठी नाही, किंवा कष्ट केल्यावाचून दर्शन मिळू नये अशा कोणत्या व्रतनिष्ठेपायीही नाही. तो का आहे, हे पुढच्या टप्प्यावर मला दाखवता आले.

तो टप्पा उभा आहे, पण त्यावर खोबणी आहेत. हाताला कडा मिळतात, पायाला टेकू मिळतो, आणि पाठीमागे पाहिले नाही तर भय वाटत नाही. वाटाड्या अनवाणी चढून गेला. वर एका रुतलेल्या धोंड्याला, तो तीनतीनदा ओढून पाहिल्यावर, त्याने दोर बांधला आणि दुसरे टोक खाली सोडले. ते मामांच्या कमरेला मी गाठ मारून बांधले. मामा चढू लागले. अर्ध्यावर त्यांचा उजवा हात वर चाचपडत राहिला, बोटे एका कडेवर गेली, तिथून दुसरीवर गेली, आणि वाटाड्याचा आवाज आला, “डावा हात, सायेब, डावा, उजवा तिथंच राहू द्या.” मामांनी डावा हात हलवला, कड सापडली, आणि श्वास सोडून ते वर सरकले.

वर बसून घाम पुसत ते म्हणाले, “बघ. इथे सहा हात साखळी असती तर?”

“बरे, समजू की ती गेल्या वर्षी मार्गशीर्षात बसवली,” मी म्हणालो. “कातळात भोके पाडून खिळे ठोकले, साखळी लावली, छायाचित्र निघाले. आषाढात याच जागेवरून पाणी येणार. एकटे नाही, धोंडे घेऊन येणार. आपण मघाशी वळसा घातला तो धोंडा जर साखळीवर येऊन बसला, तर खिळा उपटेल किंवा अर्धा उपटेल. पूर्ण उपटला तर बरे, कारण तो दिसतो. अर्धा उपटलेला, आतून गंजलेला, वरून जशाचा तसा दिसणारा खिळा हा या घळीतला सर्वांत घातक दगड होईल. कारण दगडावर कोणी आंधळा विश्वास टाकत नाही, लोखंडावर टाकतो. त्याला वाटते, सरकारने लावले आहे त्या अर्थी कोणी तपासले असेल. आणि ज्याच्या अंगी हा टप्पा चढण्याची ताकद नाही तो साखळी पाहून चढतो, मग पुढच्या टप्प्यावर, जेथे साखळी नाही, तेथे अडकतो.”

“कळसूबाईला शिड्या आहेत,” मामा म्हणाले. “रतनगडाला आहेत. याच गडावर तोलारखिंडीच्या बाजूला कठडे आहेत. तेथे हजारो माणसे सुखरूप चढतात-उतरतात.”

“त्या शिड्या धारेवर आणि कड्याच्या अंगावर आहेत, मामा, पाण्याच्या मार्गात नाहीत. शिवाय कळसूबाईच्या माथ्यावर देऊळ आहे, तेथे म्हाताऱ्या बायाही नवस फेडायला जातात. त्यांच्यासाठी शिडी हवीच, माझी काही हरकत नाही. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराला यायचे तर पाचनईची वाट आहे, खिरेश्वरची आहे. पण नळी ही सर्वांची वाट होऊ शकत नाही, कारण नळी मुळात वाटच नाही. ती ओढ्याची जागा आहे. ओढ्यात तुम्ही पक्के बांधकाम मंजूर केले असते का?”

मामा हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसले. कागद नीट जुळल्यावर कचेरीत दिसत असेल तसे. “पात्रातले बांधकाम,” ते सावकाश म्हणाले. “नाही. मंजूर केले नसते. पण तुझा हा मुद्दा फक्त साखळीविरुद्ध आहे; झोळीविरुद्ध तुझ्यापाशी काय आहे?”

हाच खरा प्रश्न होता. लोखंड नको म्हणणे सोपे. नको म्हणणाऱ्याने माणसाच्या जिवाची काय व्यवस्था केली, हे त्याला सांगता आले पाहिजे. आपल्याकडे डोंगरांवर प्रेम करणारे पुष्कळजण येथेच थांबतात आणि जो पडला तो अननुभवी होता असे म्हणून मोकळे होतात. हा निष्ठुरपणा आहे, आणि त्याने डोंगराचेही काही भले होत नाही, कारण दोन अपघात झाले की कोणीतरी अधिकारी संपूर्ण वाटच बंद करण्याचा हुकूम काढतो.

मी वाटाड्याला विचारले, “दादा, तुमचे काय म्हणणे? साखळी हवी की नको?”

तो लगेच बोलला नाही. दोर गुंडाळून झाल्यावर म्हणाला, “साखळी लावा, नका लावू. कोन पडला, कोन चुकला, की पोरं आमच्याच दारात येत्यात, रात्री-बेरात्री. आमी जातो. आमचं म्हननं एवढंच, चढायच्या आधी येकदा दारात या. किती जन हायती सांगा. मग आमाला ठावं, किती उतरायला पायजेत.”

या बोलण्यानंतर आमच्या वादाची दिशाच पालटली. साखळी हा मुद्दा मागे पडला आणि नोंद हा मुद्दा पुढे आला, आणि त्या क्षेत्रात मामांच्या तोडीचे ज्ञान माझ्यापाशी नव्हते.

पुढची चढण घसाऱ्याची होती. पाऊल टाकावे तेवढे अर्धे खाली सरकते, आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर दगड जाऊ नये म्हणून एकाने चढायचे, बाकीच्यांनी आडोशाला थांबायचे. सोबतचे पाणी जपून प्यावे लागले, कारण नळीत पौषानंतर भरवशाचे पाणी नाही. एका ठिकाणी वर कड्याला आग्या मोहोळ लोंबत होते. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवले आणि आम्ही अत्तराच्या बाटलीचे झाकणही न उघडणाऱ्या माणसांच्या सावधपणाने, एक शब्द न बोलता, तेथून पार झालो. धूर किंवा उग्र वास आला तर या माश्या कड्यावर अडकलेल्या माणसाला पळायलाही जागा ठेवत नाहीत.

त्या शांततेत मामांनी विचार पुरा केलेला होता. पुढच्या आडोशाला बसताच ते म्हणाले, “नोंदीची सक्ती करायची तर अधिकार कोणाचा, हे पाहावे लागेल. पायथा ठाणे जिल्ह्यात, जंगल वनखात्याचे. माथा नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, आणि तो 1986 मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. तेथे 1972 चा वन्यजीव कायदा लागू. वरच्या देवळांचे आणि लेण्यांचे प्रकरण आणखी निराळे. अशा जागेची फाईल दोन जिल्ह्यांच्या मध्ये पडून राहते. मी अशा फाइली पाहिल्या आहेत. तेव्हा सुरुवात खालून करायची. बेलपाड्याच्या बाजूला संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत नाका बसवता येतो. चढणाऱ्याने नाव, माणसे, परतीची वाट आणि वेळ लिहायची. वाटाड्या बरोबर घ्यायचा. मेहनताना पावतीने द्यायचा. वर पोचल्याची वर्दी संध्याकाळपर्यंत खाली आली नाही, तर शोध सुरू.”

“आणि शोधासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची मंडळी आहेत,” मी म्हणालो. “गिर्यारोहक संस्थांतले स्वयंसेवक, दोर, कप्प्या, स्ट्रेचर सगळे त्यांच्यापाशी असते. पण ते शहरांतून निघून येथे पोचेपर्यंत पहिले कित्येक तास वाडीचेच असतात.”

“म्हणून वाडीला लेखाशीर्ष पाहिजे,” मामा म्हणाले. “हे मी लिहिणार.”

दुपार कलता कलता आम्ही माथ्यावर पोचलो. कोकणकड्याच्या काठावर वारा इतका होता की उभे राहणे इष्ट नव्हते. याच गडावरून, धुके खाली आणि सूर्य पाठीशी असताना, कर्नल साइक्स याने पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्यात आपली सावली पाहिली, आणि त्याचे वर्णन 1835 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. ते पावसाळ्यातले दृश्य. त्या दिवशी हवा कोरडी आणि स्वच्छ होती, आणि खाली बेलपाड्याची घरे बोटाने मोजता येत होती. मामांना देवळाकडे जायची ओढ होती. केदारेश्वराच्या लेण्यात, चार खांबांपैकी जो एकच शिल्लक आहे त्याच्याजवळ, गार पाण्यात उभे राहून त्यांनी पिंडीला हात लावला आणि आम्ही पाचनईच्या वाटेला लागलो.

पाचनईत एका घरी पिठले-भाकरी झाल्यावर मामांनी पिशवीतून वही काढली. वाटाड्या शेजारी बसला होता. तो सकाळी साधले घाटाने परत उतरणार होता. अर्जाचा मसुदा मामांनी पेन्सिलीने लिहिला, आणि प्रत्येक कलम त्याला वाचून दाखवले. नाका आणि नोंदवही, हे पहिले कलम. त्याला तिघांचीही संमती होती. आषाढ ते भाद्रपद नळी बंद, हे दुसरे. त्यावर वाटाड्या म्हणाला, आश्विनातही कातळ निसरडा असतो, कार्तिक लागू द्या. मामांनी दुरुस्ती केली. शोधकार्यात उतरलेल्या वाडीच्या माणसांना दैनिक भत्ता आणि अपघात विमा, हे तिसरे. हे लिहिताना मामांचा हात बराच वेळ कागदावर राहिला. चौथे कलम साखळीचे.

“हे मी गाळणार नाही,” ते म्हणाले. “पाण्याच्या मार्गात नको, हे पटले. पण दुसऱ्या टप्प्याच्या वर जी आडवी वाट कड्याच्या अंगाने जाते, तेथे पाणी येत नाही, आणि तेथे खाली सरळ तूट आहे. तेथे कठडा हवा. दर वर्षी दसऱ्यानंतर तपासणी, तपासणीचा दाखला नाक्यावर लावलेला, आणि दाखला नसेल तर कठडा काढून टाकायचा.”

“तेथेही नको,” मी म्हणालो. “ती जागा रुंद आहे, घाई केली नाही तर कोणी पडत नाही. आणि एकदा एक कठडा झाला की पुढच्या वर्षी दुसऱ्याची मागणी येईल. मग साखळी, मग शिडी. कोणत्याही डोंगरावर हा क्रम कधी उलटा फिरलेला मी पाहिला नाही.”

“मग तुझे भिन्न मत खाली नोंदव. कायद्याला ते चालते.”

मी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली आणि चौथ्या कलमाखाली माझे मत, कारणांसह, लिहिले. मामांनी ते चष्मा लावून वाचले, एका ठिकाणी माझे वाक्य मोघम आहे म्हणून दुरुस्त करायला लावले, आणि पाचव्या कलमाकडे वळले. ते वाटाड्याच्या मेहनतान्याचे होते. त्यांनी एक आकडा लिहिला. वाटाड्याने तो ऐकला आणि मान हलवून म्हणाला, “सायेब, आकडा आमच्या बैठकीत ठरू द्या. वाडीत आमी समदे जातो, येकटा मी नाय.”

मामांनी आकडा खोडला, त्या जागी “वाडीने सभेत ठराव करून कळवावा” असे लिहिले, आणि ती सभा केव्हा भरवता येईल हे त्याला विचारू लागले.